बंद-स्रोत पार्सर जनरेटरला मुक्त पर्याय उभा करताना : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातील एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी सहकारी बँका आणि पतसंस्थांना लेखा व कर्जव्यवहाराची प्रणाली पुरवते. या लेखात कंपनीचे, तिच्या ग्राहकांचे आणि मूळ साधनाच्या विक्रेत्याचे नाव दिलेले नाही. ओळख पटवणारे तपशीलही वगळले आहेत. प्रकरणाचा तांत्रिक गाभा मात्र जसा घडला तसाच मांडला आहे.

या प्रणालीचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी चर्चेत असणारा भाग म्हणजे तिची नियम-भाषा. मुदत ठेवीवरील व्याज, ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा दर, मुदतपूर्व ठेव मोडल्यास होणारी कपात, थकीत हप्त्यावरचे दंडव्याज या सगळ्या गोष्टी प्रत्येक संस्थेत वेगळ्या असतात आणि संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतात. त्यामुळे हे नियम प्रोग्रॅममध्ये पक्के न बसवता संस्थेच्या अधिकाऱ्यांना स्वतः लिहिता यावेत, अशी सोय कंपनीने सुरुवातीपासून ठेवली होती. ‘जर खाते मुदतठेव आणि धारक ज्येष्ठ तर दर = मूळदर + ०.५० नाहीतर दर = मूळदर’ असे वाक्य लिहिले की प्रणाली ते वाचून व्याज आकारते. गेल्या अनेक वर्षांत ग्राहकांकडे असे नियम लिहिलेल्या फायलींचा मोठा साठा झाला होता आणि त्यांतील कित्येक फायली लिहिणारे अधिकारी निवृत्तही झाले होते.

ही वाक्ये वाचून त्यांची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, हाताने लिहिलेला नव्हता. भाषेचे व्याकरण एका फाइलमध्ये नियमांच्या रूपात लिहायचे आणि एका साधनाने, म्हणजे पार्सर जनरेटरने, त्यातून सी भाषेतील पार्सर तयार करून घ्यायचा, ही पद्धत १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी केलेल्या ‘याक’पासून रुळलेली आहे. कंपनीने मात्र याक किंवा त्याचा मुक्त वारस ‘बायसन’ न घेता एका परदेशी विक्रेत्याचे बंद-स्रोत, म्हणजे मूळ कोड न देणारे, साधन विकत घेतले होते. त्या काळी हा निर्णय गैर नव्हता. त्या साधनात मजकुराचे सुटे शब्द (टोकन) पाडणारा भाग, म्हणजे लेक्सर, आणि पार्सर एकाच फाइलमध्ये लिहिता येत असत, पुनरावृत्ती आणि ऐच्छिक भाग दाखवणारी सोयीची चिन्हे होती, आणि व्याकरणातील अडचणी दाखवणारी चांगली खिडकीही होती.

अडचण

विक्रेता कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नव्या मालकाने हे साधन विकणे थांबवले. साधनाचा परवाना एका ठराविक संगणकाशी बांधलेला होता आणि नव्या संगणकासाठी परवाना-किल्ली देणारे आता कोणी उरले नव्हते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, तयार झालेला पार्सर चालण्यासाठी विक्रेत्याची एक लायब्ररी सोबत लागत असे आणि ती केवळ ३२-बिट विंडोजसाठी, फक्त बायनरी (मूळ कोड नसलेल्या, यंत्रालाच कळणाऱ्या) रूपात उपलब्ध होती. ग्राहक संस्था एकामागून एक ६४-बिट लिनक्स सर्व्हरकडे वळत होत्या. तिथे ही लायब्ररी चालण्याचा प्रश्नच नव्हता.

व्याकरणाच्या फायली कंपनीच्या मालकीच्या होत्या, त्यातील प्रत्येक ओळ कंपनीच्याच माणसांनी लिहिलेली होती. तरीही त्या ओळींचा अर्थ नेमका काय, हे ठरवणारे साधन कंपनीच्या ताब्यात नव्हते. व्याकरणात जिथे संदिग्धता असते तिथे साधन स्वतःच्या अंतर्गत नियमाने एक बाजू निवडते आणि ती निवड व्याकरणाच्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेली नसते. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक पेचाचे मूळ इथेच होते, आणि हे प्रकरण लिहून ठेवावेसे मला वाटले तेही याच कारणाने.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुनी व्यवस्था आभासी यंत्रात जशीच्या तशी चालवत ठेवण्याचा होता. तो स्वस्त होता आणि तात्पुरता स्वीकारलाही गेला. मात्र व्याजाची आकारणी दिवसअखेरीच्या कामात होते. त्या घाईच्या वेळी प्रत्येक नियमासाठी वेगळ्या यंत्राकडे धाव घेणे ग्राहकांना मान्य झाले नाही.

दुसरा पर्याय हाताने लिहिलेल्या पार्सरचा. ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरने सी++चा बायसन-आधारित पार्सर २००४ मध्ये आणि सीचा पार्सर २००६ मध्ये सोडून हाताने लिहिलेले पार्सर स्वीकारले, हे उदाहरण बैठकीत पुढे आले. जीसीसीसारख्या प्रकल्पाला भाषेचे स्वतंत्र, छापील प्रमाण उपलब्ध असते. इथे व्याकरणाची फाइल हेच भाषेचे एकमेव लिखित प्रमाण होते. ती बाजूला ठेवून सगळे ज्ञान सी भाषेतील फंक्शनांमध्ये विखुरणे चमूच्या प्रमुखांना पटले नाही आणि मला त्यांचे म्हणणे योग्य वाटते.

तिसरा पर्याय व्याकरण अँटलर ४ या दुसऱ्या मुक्त पार्सर जनरेटरसाठी पुन्हा लिहिण्याचा. अँटलरची विश्लेषणाची पद्धत मुळातच वेगळी आहे. संदिग्धता आली तर ते आधी लिहिलेला पर्याय घेते आणि अप्रत्यक्ष डावी आवर्तने, म्हणजे दुसऱ्या नियमाच्या मार्गे फिरून स्वतःपासूनच सुरू होणारे नियम, स्वीकारत नाही. शिवाय त्यात सी भाषेतील पार्सर तयार करण्याची अधिकृत सोय नव्हती. भाषा नव्याने घडवायची असती तर हा उत्तम पर्याय ठरला असता, पण जुन्या फायलींचा अर्थ जराही न बदलण्याची अट असताना तो धोक्याचा होता.

चौथा पर्याय जुन्या व्याकरणाचे बायसनच्या रूपात आपोआप भाषांतर करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिण्याचा. हा सर्वांत मोहात पाडणारा पर्याय होता, कारण पार्सरला पुढचे पाऊल सांगणारे टेबल तयार करण्याचे अवघड काम बायसन फुकटात करून देणार होते. यावर चमूत दोन तट पडले. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की पुनरावृत्तीचे चिन्ह वापरले की जुने साधन आतल्या आत एक लपलेले नियम-चिन्ह तयार करते, आणि ते डाव्या आवर्तनाने की उजव्या, यावर व्याकरणाच्या नियमांना जोडलेल्या कोडच्या कृती कोणत्या क्रमाने होतात हे अवलंबून असते. शिवाय लेक्सर पार्सरशी इतका गुंतलेला होता की तो वेगळा काढून फ्लेक्ससारख्या लेक्सर बनवणाऱ्या साधनाला जोडणे म्हणजे अर्धे काम पुन्हा करणे होते.

पाचवा पर्याय जुन्याच स्वरूपाची व्याकरण-फाइल वाचणारा, जुन्यासारखाच पार्सर तयार करणारा, पण स्रोत सर्वांसाठी खुला असणारा नवा जनरेटर लिहिण्याचा. शेवटी हाच निवडला गेला. तो खुला ठेवण्यामागे दोन कारणे होती. अशाच अडचणीत सापडलेल्या इतर संस्था असणार हे उघड होते. तसेच, ग्राहक बँकांना एका बंद पेटीतून काढून आपल्या बंद पेटीत घालणे संस्थापकांना मान्य नव्हते. दुसरे कारण बैठकीच्या टिपणात स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्याबद्दल मला या लोकांविषयी मनापासून आदर आहे.

कायद्याची चौकट

जुन्या साधनाच्या परवान्यात उलट-अभियांत्रिकीला (तयार प्रोग्रॅम उकलून त्याची रचना शोधण्याला) मनाई करणारे कलम होते. कंपनीने काम सुरू करण्याआधी वकिलांचा सल्ला घेतला. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१) मध्ये १९९९च्या दुरुस्तीने काही खंड घालण्यात आले. त्यांतील खंड (एबी) स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रोग्रॅमचे इतर प्रोग्रॅमशी जुळणे शक्य व्हावे म्हणून आवश्यक माहिती मिळवण्याची, ती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, मुभा देतो. खंड (एसी) कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रॅमचे, तो ज्या कामासाठी दिला आहे ते काम करत असताना, निरीक्षण आणि चाचणी करून त्यामागची तत्त्वे समजून घेण्याची मुभा देतो. वकिलांनी सावध मार्ग सुचवला : बायनरी उघडून पाहायचीच नाही, फक्त साधन चालवून त्याचे वर्तन नोंदवायचे.

यातून कामाची विभागणी ठरली. एका ज्येष्ठ अभियंत्याने जुने साधन वर्षानुवर्षे वापरले होते. त्यांनी केवळ छापील पुस्तिका आणि निरीक्षणे यांच्या आधारे वर्तनाचे वर्णन लिहायचे. ज्या दोघांनी जुने साधन कधी हाताळले नव्हते त्यांनी ते वर्णन वाचून कोड लिहायचा. एक बारीक धोका इथे वेळेवर लक्षात आला. जुन्या साधनाने तयार केलेल्या सी फायली कंपनीकडे होत्याच, पण त्या फायलींमध्ये कंपनीच्या व्याकरणाबरोबर विक्रेत्याने लिहिलेल्या, प्रत्येक पार्सरला सामाईक असणाऱ्या सांगाड्याचा कोडही शब्दशः उतरलेला असतो. ‘आपलीच तर फाइल आहे’ म्हणून कोणी ती उघडून त्यातला लूप उचलला असता तर सगळी काळजी वाया गेली असती. म्हणून त्या फायली नव्या चमूच्या सर्व्हरवर ठेवल्याच नाहीत.

टेबल कोणत्या पद्धतीचे

पार्सर जनरेटर व्याकरणातून अवस्थांचे टेबल तयार करतो : अमुक अवस्थेत अमुक टोकन पुढे दिसले तर ते आत घ्यायचे, म्हणजे शिफ्ट करायचे, की आधी घेतलेल्या भागाचे एका नियमात रूपांतर करायचे, म्हणजे रिड्यूस करायचे. डोनाल्ड नुथ यांनी १९६५ मध्ये मांडलेली मूळ एलआर(१) पद्धत सर्वांत अचूक आहे, पण तिच्यात अवस्था फार होतात. फ्रँक डीरेमर यांनी १९६९ मध्ये मांडलेली एलएएलआर(१) पद्धत सारख्या गाभ्याच्या अवस्था एकत्र करून टेबल लहान करते.

चमूतील तरुण अभियंत्याचा आग्रह असा की आता संगणकाच्या मेमरीची टंचाई नाही, तर अचूक एलआर(१) किंवा डेनी आणि मॅलॉय यांची आयईएलआर(१) पद्धत घ्यावी. ही पद्धत बायसनच्या २.५ आवृत्तीपासून उपलब्धही आहे. तांत्रिक सौंदर्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर होते. मात्र एक पेच होता. अवस्था एकत्र केल्यामुळे एलएएलआरमध्ये कधी कधी असे संघर्ष (एकाच ठिकाणी दोन पावले शक्य असणे) उद्भवतात जे अचूक एलआर(१) मध्ये नसतात, आणि जुन्या व्याकरणात असे संघर्ष अग्रक्रमाच्या घोषणांनी मिटवलेले होते. अचूक पद्धत वापरली असती तर काही ठिकाणी पार्सरने ‘अधिक बरोबर’ वाचन केले असते, म्हणजेच आजपर्यंत नाकारले गेलेले काही नियम उद्यापासून स्वीकारले गेले असते. बँकेच्या व्याजाच्या बाबतीत असा शांतपणे होणारा बदल नको होता. एलएएलआर(१) ठरले आणि लुकअहेड संच, म्हणजे प्रत्येक रिड्यूसच्या वेळी पुढे दिसू शकणाऱ्या टोकनांचे संच, काढण्यासाठी डीरेमर आणि पेनेलो यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत घेतली.

जनरेटरची स्वतःची व्याकरण-फाइल वाचणारा भाग कशाने लिहायचा, यावर फार वेळ गेला नाही. तो हाताने लिहिला, कारण साधन बांधायला तेच साधन आधी लागणे कोणालाच नको होते.

न लिहिलेले नियम शोधताना

पडताळणीची पद्धत ही या प्रकरणातील सर्वांत चांगली गोष्ट आहे असे माझे मत आहे. जुन्या साधनाच्या पार्सरला तपास-स्थितीत चालवले की तो प्रत्येक शिफ्ट आणि रिड्यूसची नोंद छापतो. आभासी यंत्रात जुना पार्सर आणि शेजारी नवा पार्सर चालवून, ग्राहकांच्या परवानगीने मिळालेल्या सगळ्या नियम-फायली दोघांना दिल्या गेल्या. अवस्थांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे असणार, म्हणून ते सोडून दिले आणि कोणत्या क्रमाने कोणता नियम रिड्यूस झाला एवढेच जुळवून पाहिले. व्याकरणातूनच यादृच्छिक वाक्ये तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला गेला, कारण खऱ्या फायली व्याकरणाच्या सगळ्या कोपऱ्यांत जात नाहीत.

सुरुवातीला बहुतेक सर्व फायली जुळल्या. ज्या जुळल्या नाहीत त्यांत एक नमुना वारंवार दिसत होता. ‘आवर्त’ हे नाव काही संस्थांमध्ये खात्याच्या प्रकाराचेही होते आणि एका योजनेचेही. व्याकरणात एकटे नाव आले तर ते ‘योजना’ आहे असेही रिड्यूस होऊ शकत होते आणि ‘खातेप्रकार’ आहे असेही. दोन नियमांमधील असा संघर्ष याक आणि बायसन एका साध्या रीतीने सोडवतात : फाइलमध्ये जो नियम आधी लिहिला आहे तो घ्यायचा. नव्या साधनात तीच रीत घातली होती. त्यामुळे नवा पार्सर ‘योजना’ निवडत होता आणि जुना ‘खातेप्रकार’. दोन्हींचे दर वेगळे असल्यामुळे ठेवीदाराच्या खात्यात पडणारी रक्कमच बदलली असती.

वर्णन लिहिणाऱ्या ज्येष्ठ अभियंत्यांनी चार-पाच ओळींचे एक लहानसे व्याकरण लिहून प्रयोग केला. दोन नियमांची अदलाबदल केली, निवड बदलली नाही. नियमांची लांबी बदलली, तरी निवड बदलली नाही. मग फाइलच्या अगदी वरच्या नियमाच्या उजव्या बाजूला ‘खातेप्रकार’ आणि ‘योजना’ या चिन्हांचा क्रम उलटा केला, आणि निवड फिरली. जुने साधन नियमांचा क्रम पाहतच नव्हते. चिन्ह फाइलमध्ये पहिल्यांदा जिथे नजरेस पडते तिथे त्याला क्रमांक मिळत होता, आणि संघर्षात लहान क्रमांकाचे चिन्ह जिंकत होते. पुस्तिकेत याबद्दल एक अक्षर नव्हते. साधन फक्त ‘संघर्ष सोडवले’ असा एक आकडा छापून मोकळे होत असे.

इथे खरा निर्णय घ्यावा लागला. जुने वर्तन जसेच्या तसे उचलायचे की याकची परिचित रीत ठेवून व्याकरण दुरुस्त करायचे? चमूने मधला मार्ग काढला. जुन्या फायलींसाठी सुसंगततेचा एक पर्याय ठेवला, ज्यात चिन्ह-क्रमांकाचा नियम पाळला जातो. हा पर्याय दिला नसेल तर दोन नियमांमधील संघर्ष ही थेट चूक मानली जाते आणि पार्सर तयारच होत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्या निवडीवर लोकांचे पैसे अवलंबून आहेत ती निवड व्याकरण लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवून केली पाहिजे.

दुसरा न लिहिलेला नियम चुकांच्या संदेशांशी संबंधित होता. एखाद्या अवस्थेत रिड्यूस हा एकच मार्ग असेल तर टेबल लहान ठेवण्यासाठी जुने साधन पुढचे टोकन न पाहताच रिड्यूस करत असे. असा पार्सर चुकीचे टोकन कधीही आत घेत नाही, पण चूक लक्षात येण्याआधी काही रिड्यूस होऊन जातात आणि त्यांना जोडलेल्या कृतीही घडून जातात. नव्या साधनाच्या पहिल्या रूपात टोकन आधी तपासले जात होते, म्हणून चूक वेगळ्या अवस्थेत पकडली जायची.

हे किरकोळ वाटेल, पण जुन्या प्रणालीत प्रत्येक अवस्थेच्या क्रमांकापुढे हाताने लिहिलेला एक मराठी संदेश जोडलेला होता : ‘तर’ नंतर दर अपेक्षित आहे, ‘नाहीतर’ला जोडीचे ‘जर’ सापडले नाही, वगैरे. शाखेतला कर्मचारी फोनवर तो संदेश वाचून दाखवी आणि मदत-कक्षातली व्यक्ती त्यावरून लगेच उपाय सांगे. अवस्थांचे क्रमांक बदलल्यावर हे सगळे संदेश निरर्थक झाले. उपाय क्लिंटन जेफरी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून मिळाला : संदेश अवस्थेच्या क्रमांकाला न बांधता चुकीच्या वाक्याच्या नमुन्याला बांधायचा, आणि पार्सर तयार करताना साधनाने तो नमुना चालवून क्रमांक स्वतः शोधायचा. प्रत्येक जुन्या संदेशासाठी एक चुकीचे वाक्य लिहून काढणे हे कंटाळवाणे काम होते. मदत-कक्षातील एका बाईंनी ते जवळजवळ एकटीने पूर्ण केले, कारण शाखांतून कोणत्या चुका येतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

देवनागरी मजकुराचा प्रश्न

जुन्या लेक्सरचे टेबल २५६ स्तंभांचे होते, कारण तो एकेक बाइट वाचत असे आणि जुना मजकूर इस्की या एक-बाइटी संकेतात होता. नव्या सर्व्हरवर मजकूर यूटीएफ-८ मध्ये येणार होता आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. चमूने लेक्सर बाइटवरच चालू ठेवला. तीन बाइटांची साखळी अवस्थांमधून सहज ओळखता येते आणि टेबलही आटोक्यात राहते.

पण मराठीची एक खास अडचण उरली. ‘येणाऱ्या हप्त्यावर’ या शब्दसमूहाने सुरू होणारा एक नियम अनेक संस्थांमध्ये होता. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला जाऊ शकतो : ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह आणि हलन्त, साधा ‘र’, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोड-चिन्ह. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड वापरला यावर फाइलमध्ये काय जाते ते ठरते. समतुल्य चिन्हसाखळ्या एकाच रूपात आणणारे युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण पहिले दोन प्रकार एकसारखे करते, तिसऱ्याला मात्र हात लावत नाही. त्यामुळे एका शाखेत चालणारा नियम दुसऱ्या शाखेत ‘अनोळखी शब्द’ म्हणून नाकारला जात होता, आणि दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहणाऱ्याला फरक दिसत नव्हता.

सामान्यीकरण कुठे करायचे यावर वाद झाला. फाइल वाचतानाच सगळा मजकूर बदलला तर चुकीच्या संदेशातील स्तंभ-क्रमांक मूळ फाइलशी जुळत नाहीत. शेवटी लेक्सरच्या तोंडाशी एक पातळ थर बसवला. तो एनएफसी करतो, ‘र’, हलन्त आणि जोड-चिन्ह या तिसऱ्या प्रकाराला ‘ऱ’च्या रूपात आणतो आणि प्रत्येक चिन्हाचे मूळ फाइलमधील स्थान सोबत वाहून नेतो. हा थर व्याकरण-फाइलमध्ये मागितला तरच लागू होतो, कारण हिंदी किंवा नेपाळी मजकुरावर मराठीसाठी ठरवलेला नियम लादणे योग्य नव्हते.

परवाना आणि प्रकाशन

पार्सर जनरेटरच्या परवान्यात एक खाच आहे जी इतर साधनांत सहसा नसते : साधनाचा स्वतःचा कोड, म्हणजे पार्सरचा सांगाडा, प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममध्ये उतरतो. बायसनच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. याक एटी अँड टीच्या युनिक्सबरोबर परवान्याने मिळत असे. रॉबर्ट कॉर्बेट यांनी बायसन लिहिले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते याकशी सुसंगत केले. सांगाड्यालाही जीपीएल (त्यावर आधारलेला प्रोग्रॅमही मुक्तच ठेवण्याची अट घालणारा परवाना) लागू असल्यामुळे १.२४ आवृत्तीपूर्वी बायसनने तयार केलेले पार्सर केवळ मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत असत. त्या आवृत्तीने सी भाषेतील एलएएलआर(१) पार्सरसाठी सवलत दिली आणि २.२ आवृत्तीने ती इतर पार्सरांनाही लागू केली. कॉर्बेट यांचेच ‘बर्कली याक’ मात्र सार्वजनिक मालकीत सोडलेले होते.

हा इतिहास चमूला ठाऊक होता, तरीही पहिल्या अंतर्गत आवृत्तीत सगळ्या फायलींवर सरसकट अपाचे २.० परवाना लावला गेला. एका ग्राहक बँकेच्या विधी विभागाने विचारले की नियम-भाषेचा प्रत्येक नवा पार्सर शाखांना पाठवताना परवान्याची प्रत सोबत द्यावी लागेल का. प्रश्न रास्त होता. त्यानंतर साधनाला अपाचे २.० आणि तयार होणाऱ्या कोडमधील सांगाड्याला श्रेयनिर्देशाचीही अट नसलेला एमआयटी-शून्य परवाना अशी विभागणी झाली.

प्रकाशनाच्या वेळी वेगळीच अडचण उभी राहिली. चाचण्यांच्या साठ्यात ग्राहकांच्या खऱ्या नियम-फायली होत्या, आणि आवृत्ती-नोंदीच्या पूर्ण इतिहासात त्या विखुरलेल्या होत्या. त्या बाहेर जाऊ देणे शक्य नव्हते. शेवटी जुना इतिहास मागे ठेवून नव्या कोड-भांडारात (रिपॉझिटरीत) फक्त ताजा कोड आणि कृत्रिम वाक्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या गेल्या. कोणता निर्णय कधी आणि का घेतला हे सांगणाऱ्या टिपा त्यामुळे बाहेरच्या वाचकाला मिळत नाहीत, आणि हे नुकसान मला मोठे वाटते.

निष्पत्ती

नवा जनरेटर आधी एका छोट्या पतसंस्थेत वापरला गेला. काही काळ दोन्ही पार्सर समांतर चालवून दिवसअखेरीच्या रकमा जुळवल्या गेल्या. फरक आढळला नाही तेव्हा तो टप्प्याटप्प्याने इतरत्र गेला. जुनी ३२-बिट लायब्ररी आता कोणत्याही ग्राहकाकडे चालत नाही. पडताळणीत आढळलेली संदिग्ध नावे संबंधित संस्थांना कळवण्यात आली आणि बहुतेकांनी योजनांची नावे बदलून घेतली. एका संस्थेच्या व्यवस्थापकांनी विचारले, “साहेब, म्हणजे इतकी वर्षे दर बरोबर लागत होता तो केवळ योगायोगाने?” त्याचे प्रामाणिक उत्तर ‘हो’ असेच होते, आणि चमूने ते तसेच दिले.

बाहेरचा प्रतिसाद मर्यादित राहिला. त्याच जुन्या साधनात अडकलेल्या काही मोजक्या लोकांनी आपली व्याकरणे चालवून पाहिली आणि त्यांच्याकडून आलेल्या चाचण्यांनी लेक्सरमधील दोन दोष उघड झाले.

काय वेगळे करता आले असते

बायसनमध्ये भाषांतर करण्याचा पर्याय कागदावरच्या चर्चेतून नाकारला गेला. त्याचा एक छोटा नमुना करून पाहायला हवा होता. ‘खातेप्रकार’ आणि ‘योजना’ यांचा संघर्ष त्या नमुन्यातही पहिल्याच पडताळणीत दिसला असता, लपलेल्या नियम-चिन्हांचा प्रश्न भाषांतर करतानाच सोडवता आला असता आणि टेबलाचा संपूर्ण भाग लिहिण्याची गरज कदाचित पडली नसती. लेक्सरचा गुंता मात्र त्या मार्गानेही सुटला नसता. स्वतंत्र साधन लिहिण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पुरेसा पुरावा हाती येण्यापूर्वी तो घेतला गेला, एवढे मात्र म्हणावे लागेल.

समांतर पडताळणीची यंत्रणा टेबलाचा कोड लिहून झाल्यावर उभी राहिली. ती आधी उभी केली असती तर जुन्या साधनाचे वर्तन वर्णनात आधीच उतरले असते आणि याकची रीत गृहीत धरून लिहिलेला भाग मागाहून बदलावा लागला नसता. जुना संगणक बिघडला असता तर निरीक्षणाचा मार्गच बंद झाला असता, हेही लक्षात घ्यायला हवे. परवाना-किल्ली त्या एकाच यंत्राला बांधलेली होती आणि तिचा पर्याय कुठेच नव्हता. असे साधन वापरणाऱ्या कोणीही, बदलण्याचा विचार अजून मनात नसला तरी, आपल्या सगळ्या व्याकरणांच्या शिफ्ट-रिड्यूस नोंदी आजच काढून जपून ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.

ग्राहकांचा गोपनीय मजकूर आणि साधनाचा कोड पहिल्या दिवसापासून वेगळ्या भांडारांत ठेवायला हवा होता. साधन खुले करण्याचा निर्णय सुरुवातीलाच झालेला असल्यामुळे हे करणे अवघड नव्हते.

देखभालीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. साधनाचा गाभा समजणारे दोघेच आहेत आणि दोघेही त्याच कंपनीत काम करतात. स्रोत खुला असल्यामुळे तिसरी व्यक्ती तयार करता येते, पण त्यासाठी वर्तनाचे ते वर्णन, जे आज अंतर्गत टिपण म्हणून पडून आहे, साफ करून कोडबरोबर प्रसिद्ध व्हायला हवे. हे काम सध्या चालू आहे. संघर्ष सोडवण्याच्या नियमांचे प्रकरण लिहून पूर्ण झाले आहे आणि चूक-सावरणीचे प्रकरण बाकी आहे.